सिद्रामचा गुडघा कामावर होता की नव्हता?

गेल्या महिन्यात जुळे सोलापूर भागातल्या एका मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटमध्ये 'क्रीडा व्यवस्थापन' या विषयावर चर्चासत्र झालं. माझं घर तिथून दोन गल्ल्या पलीकडं. या विषयावर मी कधीकाळी संशोधन केलं होतं हे त्यांना कुठून तरी कळलं, म्हणून मलाही बोलावणं आलं. गेले. एक तरुण प्राध्यापक पडद्यावर चित्रं दाखवत बोलत होते. बोलता बोलता म्हणाले, एकेकाळी सोलापूरच्या गिरण्यांनी खेळाडूंना पोटच्या पोरासारखं सांभाळलं, आजच्या कंपन्यांनी त्यांच्याकडून धडा घ्यावा. टाळ्या पडल्या. मी चहाला न थांबता उठले आणि तरातरा घरी आले.

पोटच्या पोरासारखं म्हणे! घरी येऊन पाणी प्यायले, पंख्याखाली बसले, तरी डोकं काही शांत होईना. दिवाळी अंकाच्या संपादकांनी नोकरीतल्या आठवणी मागितल्या होत्या. कॉलेजातल्या चार गमती लिहून द्याव्यात, असं मनात होतं. त्या राहू देत. आज हेच लिहिते, कारण आता नाही लिहिलं तर त्या पडद्यावरच्या चित्रांनाच लोक खरं मानतील.

मी वाणिज्य शाखेची प्राध्यापिका. वडील गिरणीत टाइमकीपर होते, त्यामुळं भोंगा, पाळी, खातं हे शब्द मी अंकलिपीच्या आधी शिकले. सत्तरच्या दशकात मला पीएचडीचं वेड लागलं. बाकीचे सगळे सहकारी बँका नाहीतर साखर कारखाने घ्यायचे. मी विषय घेतला, 'सोलापुरातील गिरण्यांच्या क्रीडा विभागांचं व्यवस्थापन'. विद्यापीठाच्या समितीसमोर हा विषय वाचला तेव्हा एका ज्येष्ठ सदस्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "बाई, कबड्डीत भांडवल कुठलं असतं हो? चड्डी आणि बनियन?" समिती पोट धरून हसली. मी म्हटलं, "भांडवल गिरणीचं असतं सर, हाडं कामगाराची." मग कुणी हसलं नाही. विषय मंजूर झाला, पण तो माझ्या हुशारीमुळं नव्हे. जेवणाची वेळ झाली होती म्हणून.

आता ज्यांनी गिरण्या पाहिल्याच नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. त्या काळी सोलापुरात बहुतेक गिरण्यांचे आपापले कबड्डीचे संघ होते. गिरण्यागिरण्यांच्या स्पर्धा व्हायच्या, त्याला अख्खा कामगार भाग लोटायचा. संघ जिंकला की गिरणीचं नाव व्हायचं, कामगार खूश राहायचे, युनियनच्या सभेपेक्षा मैदानावर गर्दी जास्त व्हायची. मालकाला याहून स्वस्त काय मिळणार? म्हणून गिरणीचे साहेब गावोगाव फिरून गडी हेरायचे. जत्रेत, शाळेच्या पटांगणात कुणी चांगला दिसला की त्याला सांगायचं, चल सोलापूरला, गिरणीत चिकटवतो.

चिकटवायचं कसं, तर 'बदली' म्हणून. कायम कामगार रजेवर गेला की त्याच्या जागी जो घ्यायचा तो बदली. साधा बदली सकाळी फाटकाबाहेर उभा राहायचा, आज घेतात की परत पाठवतात याची वाट बघत. खेळणाऱ्या बदलीला फाटकावर उभं राहावं लागत नसे. त्याला काम ठरलेलं, आणि सरावासाठी संध्याकाळ मोकळी. पण कागदावर तो बदलीच. दरवर्षी त्याला एकच सांगणं, यंदा कप आण, पुढच्या साली कायम करतो. पुढच्या साली पुन्हा तेच. बैलाच्या तोंडापुढं कडब्याची पेंढी धरून चालवतात ना, तसं.

माझं संशोधन म्हणजे काय, तर सायकलवरून हिंडून या क्रीडा विभागांच्या साहेबांना भेटणं, प्रश्नावली भरून घेणं आणि मैदानावर बसून बघणं. बाई कबड्डीच्या मैदानावर कशाला, म्हणून सुरुवातीला लोक मलाच बघायचे. एका गिरणीच्या साहेबांनी प्रश्नावलीतल्या प्रत्येक प्रश्नापुढं 'उत्तम' लिहून दिलं. खेळाडूंची निवड कशी होते? उत्तम. दुखापत झाल्यास काय तरतूद? उत्तम. फक्त 'पराभवाची कारणे' या प्रश्नाला त्यांनी वेगळं उत्तर दिलं होतं, 'पंच'. दुसरे एक साहेब तर मी दिसले की संडासात जाऊन बसायचे. शिपाई मला सांगायचा, "बाई, सायेबांचं पोट लई बिघडलंय." महिनाभर त्यांचं पोट बिघडलेलंच होतं.

या सगळ्यांत ज्यांनी मला मनापासून मदत केली ते एका मोठ्या गिरणीचे वेल्फेअर ऑफिसर. त्यांना इथं मोहोळकर म्हणू या. खरं नाव लिहीत नाही, त्यांची मुलंबाळं गावात आहेत. गोरेगोमटे, गोड बोलणारे, पांढरी पँट, खिशात बडीशेपेची डबी. "या मॅडम, बसा मॅडम, तुमच्या संशोधनासाठी आमची गिरणी उघडी." दर वेळी चहा, सोबत शेंगाची चटणी लावलेली भाकरी. मी भारावून गेले होते, खोटं कशाला बोलू. त्यांच्यामुळंच मला त्यांचा संघ जवळून बघता आला, आणि त्यांच्यामुळंच सिद्राम भेटला.

सिद्राम दुधनीचा. घरी कन्नड, बाहेर मराठी, दोन्ही सारखंच कमी बोलायचा. उंची बेताची, मांड्या जात्याच्या खुंट्यासारख्या घट्ट. चढाईला निघाला की आधी वाकून मातीला हात लावायचा आणि मग कबड्डी कबड्डीचा दम असा काही धरायचा की समोरचे गडी मागं मागं सरकायचे. संघाचा कप्तान तोच. सूतखात्यात बदली, कैक वर्षं. बायको नागव्वा घरी विड्या वळायची. गिरणीच्याच चाळीत एक खोली, दारात तुळस, आत भिंतीवर मारुतीचं चित्र आणि त्याखाली खिळ्याला टांगलेली संघाची बनियन.

मी त्याला माझा ठरलेला प्रश्न विचारला होता, तुम्ही कशासाठी खेळता? प्रश्नावलीत पर्याय होते, नोकरीसाठी, बढतीसाठी, प्रतिष्ठेसाठी, इतर. तो खिळ्याच्या बनियनकडं बघायला लागला. मग नागव्वाच आतून म्हणाली, "बाई, त्येला काय इच्यारता? कायम व्हायसाठी खेळतोय म्हणून लिवा. मी सांगतोय की." कन्नड बोलणाऱ्या बायका आमच्याकडं मराठी बोलताना स्वतःला असंच पुल्लिंगी करतात. मी 'नोकरीसाठी'वर खूण केली. 

आता या स्पर्धेची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. स्पर्धा कामगारांची, म्हणून नियम असा की खेळणारा त्या गिरणीचा खराखुरा कामगार हवा, नुसता बाहेरून आणलेला पैलवान नको. अंतिम सामन्याच्या आधी समोरची गिरणी हरकत घ्यायची, हा गडी कामगार नाही, खेळण्यासाठी आणलाय. ही हरकत जवळजवळ दरवर्षी यायची, लग्नात रुसवा यावा तशी. मग ज्याच्या गड्यावर हरकत, त्या गिरणीच्या साहेबानं मैदानात यायचं, मध्यरेषेवरची माती मुठीत उचलायची आणि सगळ्यांसमोर सांगायचं की हा माझ्या गिरणीचा कामगार आहे. याला 'माती उचलणं' म्हणत. माती उचलली की हरकत संपली. मैदानावरच्या मातीची खोटी शपथ घेतली तर घराचा सत्यानाश होतो अशी कामगारांची श्रद्धा, त्यामुळं साहेबानं माती उचलली की पुढं कुणी ब्र काढत नसे. साहेबांची श्रद्धा काय होती ते मला नंतर कळलं.

त्या वर्षी अंतिम सामना मोहोळकरांच्या गिरणीचा आणि गावातल्याच दुसऱ्या एका गिरणीचा. मी पंचांच्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसले होते. हरकत आली ती सिद्रामवर. समोरचे साहेब म्हणाले, हा वर्षभर खात्यात कुणाला दिसत नाही, हा कसला कामगार? मोहोळकर तरातरा मैदानात आले. पांढरी पँट, तरी खाली वाकले, मूठभर माती उचलली आणि एवढ्या मोठ्यानं बोलले की पलीकडं रस्त्यावर भेळेच्या गाडीपाशी उभ्या असलेल्या लोकांनीही मान वळवली.

"ही माती हातात घेऊन सांगतो. सिद्राम माझ्या गिरणीचा कामगार आहे. नुसता कामगार नाही, आत्ता या क्षणी तो कामावर आहे. गिरणीनं त्याला इथं ड्युटीवर पाठवलंय."

लोकांनी शिट्ट्या मारल्या. हरकत मागं घेतली गेली. दोन्ही साहेबांनी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून पेढा खाल्ला. मी खूश, लगेच वहीत टिपून घेतलं. माझ्या प्रबंधात 'गिरणीच्या दृष्टीने खेळ हे कामच आहे' असं एक प्रकरण होतं. त्याला इतका ठसठशीत आधार कुठं मिळाला असता?

सामन्याच्या उत्तरार्धात सिद्राम चढाईला गेला. दोन गडी टिपले, परत फिरला, मध्यरेषा हातभर राहिली आणि कोपऱ्यातल्या गड्यानं सूर मारून त्याचा पाय धरला. मागून दुसरा वर पडला. आवाज मी ऐकला. सुकलेलं लाकूड मोडावं तसा. सिद्राम ओरडला नाही. त्याचा दम चालूच होता. कबड्डी, कबड्डी म्हणत हाताच्या कोपरांवर सरपटत त्यानं बोट रेषेला टेकवलं आणि मग तो उताणा झाला. त्या दोन-चार गुणांवर सामना जिंकला. लोक मैदानात घुसले, कप डोक्यावर घेतला, गुलाल उधळला. मोहोळकर कपाबरोबर नाचत गेले. सिद्रामला मी, पंचांचा एक मदतनीस आणि भेळेच्या गाडीवाला, आम्ही उचलून टांग्यात घातलं.

गुडघ्याची वाटी सरकलेली आणि आत काय काय तुटलेलं. गिरणीच्या दवाखान्यात पट्टी बांधून घरी पाठवलं. डॉक्टरांनी सांगितलं, चालेल, पण लंगडत. पाळीभर उभं राहणं जमायचं नाही. सूतखात्यात तर अख्खी पाळी साच्यापुढं, म्हणजे यंत्रापुढं, येरझारा. नागव्वा मोहोळकरांकडं गेली. तिचं मागणं फार नव्हतं. बसून करायचं काही काम द्या, बॉबिनी निवडायचं द्या, फाटकावर बसवा, पण गिरणीत ठेवा. गिरणीत नाव राहिलं तर खोली राहील. मोहोळकरांनी तिला बडीशेप दिली आणि म्हणाले बघतो. नंतर तिला फाटकाच्या आतच घेईनात. मग निरोप आला की सिद्राम बदली होता, बदलीचा हक्क नसतो, आणि त्याला मार कामावर लागलेला नाही, खेळताना लागलाय. त्या दिवशी तो रजेवर होता.

रजेवर! मी तिथंच बसले होते की हो, खुर्ची टाकून. माझ्या दोन कानांनी ऐकलं होतं, माती हातात घेऊन, ड्युटीवर. नागव्वा माझ्या घरी आली तेव्हा मी कणीक मळत होते, तशीच पिठाच्या हातानं बाहेर आले. ती म्हणाली, "एन्री, काय हो बाई, तुमी लिवून घेतलं न्हवं? मंग आता बोला की."

युनियननं कामगार खात्याकडं दावा लावला, मार कामावर असताना लागला म्हणून. प्रश्न एवढाच होता. तो कामावर होता असं ठरलं तर गिरणीला त्याला सांभाळावं लागणार, नोकरी आणि खोली दोन्ही राहणार. तो आपल्या हौसेनं खेळत होता असं ठरलं तर तो, नागव्वा आणि मारुतीचं चित्र रस्त्यावर.

साक्षीदार हवे होते. मैदानावर हजारो माणसं होती. पंच म्हणाले, आमच्या शिट्टीच्या आवाजात आम्हाला काही ऐकू आलं नाही. समोरच्या गिरणीचे साहेब, ज्यांनी हरकत घेतली होती, ते म्हणाले, मला आठवत नाही. का आठवावं? उद्या त्यांच्याही गड्याचा गुडघा गेला तर? पुढच्या वर्षी तेही माती उचलणारच होते. कामगारांना सगळं आठवत होतं, पण त्यांना फाटकातून रोज आत जायचं होतं. त्यांना मी दोष देत नाही. उरले मी.

आमचे मार्गदर्शक सर, त्यांचाही नामोल्लेख नको, मला बोलावून म्हणाले, संशोधकानं तटस्थ राहावं. गिरणीनं तुम्हाला विश्वासानं आत घेतलं, तुम्ही त्यांच्याविरुद्ध साक्ष दिलीत तर एकही गिरणी तुम्हाला दारात उभं करणार नाही. तुमची निम्मी प्रकरणं व्हायची आहेत. पीएचडीवर पाणी सोडायची तयारी आहे का? मी विचारलं, सर, हजार लोकांसमोर बोललेलं वाक्य गुपित कसं? ते म्हणाले, गुपिताचा प्रश्न नाही, व्यवहाराचा आहे. आयुष्यभर व्यवहार शिकवणारा माणूस होता तो, वाणिज्य शाखेचा. मी नमस्कार करून बाहेर पडले, त्यांच्या फाटकाबाहेर सायकलचं कुलूप उघडलं आणि तडक युनियनकडं जाऊन साक्षीसाठी नाव दिलं.

सुनावणीला कामगार खात्याच्या अधिकाऱ्यांची खोली. पंखा, फायलींचे गठ्ठे, बाकावर आम्ही. मोहोळकर मला बघून उठले, "या मॅडम," म्हणाले, सवयीनं.  आधी माझी साक्ष झाली. मी जे ऐकलं ते शब्दशः सांगितलं. गिरणीचे वकील उठले, हसतमुख, टक्कल, कोटाच्या कॉलरवर खडूसारखा कोंडा. त्यांनी विचारलं, बाई, तुम्ही कधी कबड्डी खेळलात? मी म्हटलं नाही. गिरणीत काम केलंत? नाही. मग खेळ कुठला आणि काम कुठलं हे तुम्हाला कसं कळणार? मी म्हटलं, "मला कळतं असं मी म्हटलंच नाही वकीलसाहेब. मोहोळकर साहेबांना कळत होतं. ते काय बोलले, तेवढं मी सांगते आहे."

मग मोहोळकरांना विचारलं गेलं. त्यांनी नाकारलं नाही, हे विशेष. शांतपणे म्हणाले, माती उचलणं ही मैदानावरची गंमत असते हो साहेब. लोकांना आवडतं म्हणून करायचं. त्यावर कुणी विश्वास ठेवायचा नसतो. मला वाटलं, उठून त्यांच्या शर्टाची कॉलर धरावी. हजार कामगार ज्या मातीला घाबरायचे ती त्यांची गंमत होती! अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं. तरीही अधिकाऱ्यांचा चेहरा बघून वाटत होतं की आपली बाजू लागतेय. माणूस वाईट नव्हते ते. त्यांनी मोहोळकरांना दोनदा विचारलं, मग रजेचा अर्ज कुठं आहे? मोहोळकर डबी चाचपत राहिले.

शेवटी सिद्राम. काठी टेकत उभा राहिला. अधिकारी म्हणाले, बस, तो बसेना. युनियनच्या माणसानं त्याला सकाळपासून पढवलं होतं, 'साहेबांनी सांगितलं म्हणून खेळलो' एवढंच म्हण. वकिलांनी पण त्याला काही अवघड विचारलं नाही. अगदी मायेनं विचारलं.

"सिद्राम, साहेबांनी सांगितलं नसतं तर तू खेळला नसतास का?"

"खेळलो असतो की."

"गिरणीनं काहीच दिलं नसतं तर?"

"फुकट बी खेळलो असतो." त्याला हा प्रश्नच चमत्कारिक वाटत होता.

"मग कबड्डी म्हणजे काम असं तुला वाटायचं का?"

युनियनचा माणूस खोकला. मी पदर तोंडात धरला. नागव्वा कन्नडमधून पुटपुटत होती, मारुतीचं नाव घेत. सिद्रामनं खोलीतल्या सगळ्यांकडं एकदा बघितलं.

"न्हाय साहेब. काम खात्यात. कामानं मानूस दमतो, कटाळतो. कबड्डीला काम कसं म्हनू? साहेबानं सांगितलं म्हणून जो खेळतो तो गडी कच्चा."

झालं. वकील मान तुकवून खाली बसले. अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. त्या माणसाचा अभिमानच त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून लिहून घेतला गेला. माझा संताप आजही याच ठिकाणी येऊन अडतो. ज्याला खेळाचं प्रेम नाही असा गडी गिरणीनं कधी आणलाच नसता. त्या प्रेमावर तर त्यांचा सगळा धंदा उभा. कप हवा तेव्हा ते प्रेम गिरणीचं, आणि गुडघा फुटला की ते प्रेम सिद्रामचं एकट्याचं! मी उठून हे बोलायला लागले तर मला सांगण्यात आलं, बाई, तुमची साक्ष संपली आहे.

बाहेर व्हरांड्यात नागव्वा त्याच्यावर तुटून पडली. कन्नड मला फारसं येत नाही, पण एवढं कळत होतं की इतकी वर्षं ती जे बोलली नव्हती ते बोलत होती. सिद्राम काठीवर रेलून ऐकत होता. मग मला म्हणाला, "बाई, खोटं बोलाया पायजे होतं का?" मी एवढी शिकलेली, पण उत्तर दिलं ते नागव्वानं.  ती म्हणाली, "त्यो माती उचलून खोटं बोलतोय, तू बिनमातीचं खरं बोलतोस. उपाशी कोन मरनार सांग."

निकाल विरोधात गेला. हौसेनं खेळताना झालेली इजा, गिरणीची जबाबदारी नाही. पावसाळ्याआधी खोली सोडावी लागली. ती दोघं एका लांबच्या वस्तीत पत्र्याच्या खोपटात राहायला गेली. नागव्वा विड्या वळायची आणि सिद्राम तिच्यासाठी पानं कातरायचा. ते काम आमच्याकडं बायकांचं. रस्त्यानं कुणी ओळखीचं दिसलं की तो कात्री मांडीखाली सरकवायचा. मी गेले तरी तेच. मी बघितलं नाही असं दाखवायची.

माझ्याबाबतीत मार्गदर्शक सर म्हणाले तसंच झालं. सगळ्या गिरण्यांची दारं बंद. त्या पोट बिघडलेल्या साहेबांनी तर शिपायाकरवी मला फाटकावरूनच परत पाठवलं. विषय बदलून घ्यावा लागला आणि मी डॉक्टर झाले ती हातमागाच्या सहकारी संस्थांवर. चांगला प्रबंध आहे, कपाटात आहे, कुणी मागितला नाही. मला मात्र आजही वाटतं की तो अर्धवट राहिलेला विषय पुरा झाला असता तर निदान एक गोष्ट छापून राहिली असती. खेळाच्या व्यवस्थापनात पहिला प्रश्न संघ कसा जिंकेल हा नसतो. पडलेल्या माणसाला कोण उचलेल, हा असतो. हल्लीच्या पुस्तकांतही तो सापडत नाही, मी चाळून बघितलीत.

पुढच्या वर्षी स्पर्धा आली. मोहोळकरांच्या गिरणीनं जुन्या कप्तानाचा सत्कार करायचं ठरवलं. गावात कुजबुज होती, ती मिटवायची होती. गाडी पाठवून सिद्रामला आणलं. नागव्वा म्हणाली, त्यांची शाल माझ्या दारात नको, पण त्यानं ऐकलं नाही. मैदान दिसणार होतं ना! मग तीही आली, माझ्याशेजारी सतरंजीवर बसली, हातातल्या पिशवीचे बंद पिळत.

मोहोळकरांनी त्याला शाल घातली, हार घातला. माईकवर बोलताना त्यांनी रुमालानं डोळे टिपले, असली माणसं त्यातही तरबेज असतात. म्हणाले, "कोण म्हणतं सिद्राम गिरणीतून गेला? सिद्राम आमच्या कुटुंबातला आहे. तो कालही आमच्या गिरणीचा कामगार होता आणि आजही आहे." टाळ्यांचा कडकडाट. मग त्यांनी सिद्रामच्या हातात माईक दिला, दोन शब्द बोल म्हणून. सिद्रामनं आयुष्यात कधी माईक धरला नव्हता. त्यानं तो दोन्ही हातांनी धरला, काठी काखेत दाबून, आणि मोहोळकरांकडं वळला.

"साहेब," तो म्हणाला, "मंग उद्या कंच्या पाळीला येऊ?"

अख्खं मैदान हसलं. काय टोला हाणला, म्हणून लोकांनी फेटे उडवले, शिट्ट्या वाजवल्या. मोहोळकरही हसले, सिद्रामच्या पाठीवर थाप मारून मोकळे झाले. माझ्याशेजारी नागव्वा हसत नव्हती. ती त्याला ओळखत होती, आणि एवढ्या दिवसांत थोडंफार मीही ओळखत होते. सिद्रामला टोला हाणता येत नसे. साहेबांनी माईकवर सांगितलं की तो कामगार आहे, म्हणून त्यानं पाळी विचारली होती. निवेदक पुढच्या सामन्याचं नाव पुकारायला माईक मागत होता, तरी तो माईक सोडेना, आणि मोहोळकरांच्या तोंडाकडं बघत उत्तराची वाट बघत उभा राहिला.